डिस्चार्जनंतरचं घर

पक्षाघाताबद्दल जे लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक पहिल्या साडेचार तासांबद्दल असतं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली की चोळत-शेकत बसू नका, सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर ते साडेचार तासांच्या आत. हे सगळं खरं आहे आणि पुन्हा पुन्हा सांगायलाच हवं. आमच्याकडे ते माहीत होतं म्हणूनच आज आमचे हे, माझे यजमान, व्हरांड्यात पेपर घेऊन बसलेले दिसतात. पण मला लिहायचंय ते त्यानंतरच्या काळाबद्दल. रुग्णालयाची गाडी दारात सोडून निघून जाते, आठवडाभरात भेटायला येणारे पांगतात, आणि घरातलं एक माणूस रात्रंदिवस दुसऱ्याचं शरीर सांभाळू लागतं. आमच्या घरात ते माणूस म्हणजे मी.

आम्ही तासगावचे. हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, मी हायस्कूलला मराठी शिकवत होते. मुलगा पुण्यात, मुलगी बेळगावला दिली आहे. सकाळी अंघोळ करून चहाला बसले आणि कप हातातून निसटला, तो उचलायला हात पुढे येईना. शेजाऱ्यांनी लगेच गाडी काढली, मिरज गाठलं. मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी होती. इंजेक्शन वेळेत मिळालं, जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं मात्र गेलं.

डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी होती: रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची. खाली चार ओळी. दर दोन तासांनी कूस बदलावी. राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, दर अडीच-तीन तासांनी पातळ आहार द्यावा. फिजिओथेरपी चालू ठेवावी. लघवीच्या पिशवीची काळजी घ्यावी. रुग्णालयात ही कामं तीन पाळ्यांतल्या सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय मिळून करत होते. घरी आल्यावर तीच कामं, तितक्याच वेळा, आणि हात दोन. रात्री दहाला नळीतून दूध, बाराला कूस, एकला पुन्हा नळी, दोनला कूस, मध्येच पिशवी रिकामी करायची. दोन तासांचं घड्याळ रात्रीसुद्धा दोन तासांचंच असतं, हे कागद लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नसावं.

त्या कागदापेक्षा मला उपयोग झाला तो एका सिस्टरचा. डिस्चार्जच्या आदल्या दुपारी ती वॉर्डात आली आणि म्हणाली, "काकू, आजचं फीडिंग तुम्ही द्यायचं. चुकायचं ते माझ्यासमोर चुका, घरी मी नसणार." तिने मला हाताला धरून सगळं करायला लावलं. आधी कॉटची डोक्याकडची बाजू वर. मग सिरिंज जोडून थोडं मागे ओढायचं, पोटातलं पाणी येतं का बघायचं, म्हणजे नळी जागेवर आहे. मग सिरिंजचा दट्ट्या काढून टाकायचा आणि नुसती नळकांडी धरून त्यात पेज ओतायची. दट्ट्याने ढकलायचं नाही, आपल्या वजनाने जाऊ द्यायचं. जोरात जातंय वाटलं तर हात खाली घ्यायचा, अडलं तर वर. शेवटी थोडं साधं पाणी, नाहीतर नळी तुंबते. आणि त्यानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. माझा हात थरथरत होता, तिने तिचा हात माझ्या मनगटाखाली धरून ठेवला होता. घरी पहिल्या रात्री मी एकटीने नळीतून पेज दिली ती सिस्टरने शिकवण्यात घालवलेल्या अर्ध्या तासाच्या जोरावर. हा अर्धा तास प्रत्येक घराला मिळायला हवा, आणि तो एखाद्या सिस्टरच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. ज्या माणसाच्या अंगावर हे पडणार आहे त्याला बोलावून, त्याच्या हाताने करून घेतल्याशिवाय डिस्चार्ज देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

बाकीचं शिकवलं घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही. स्नायूंचा ताबा गेलेला असतो, नुसत्या वजनानेच खांदा सांध्यातून खाली सरकतो. भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र नेमका तोच हात धरून "उठा उठा सर" करायचा. मी दाराशीच सांगायला लागले. कॉटवरून खुर्चीत घेताना खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरायचा, आपला गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्यासमोर टेकवून ठेवायचा म्हणजे तो दुमडत नाही, आणि ते पुढे वाकले की मगच उठवायचं. शर्ट घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. हे एक वाक्य कळेपर्यंत रोज सकाळी शर्टावरून आमची झटापट व्हायची आणि दोघांचेही डोळे भरायचे. इतकी साधी गोष्ट, पण ती कुणीतरी सांगावी लागते.

तरी पाठ गेलीच. यांचं वजन बहात्तर किलो, माझं पन्नास. पाठीपाठोपाठ झोप गेली, मग माझ्या थायरॉइडच्या तपासण्या राहिल्या. माझा रक्तदाब वाढलाय हे कळलं तेही योगायोगाने. आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचे फॉर्म भरत फिरत होत्या, बरोबरच्या सिस्टरने यांचा रक्तदाब घेतला आणि मला म्हणाली, "काकू, तुमचाही बघते." यांचा नीट होता, माझा एकशे सत्तरच्या वर. सहा महिन्यांत मी यांना घेऊन किती डॉक्टरांसमोर बसले असेन. "यांना जेवण जातं का, झोप लागते का" हे सगळ्यांनी मला विचारलं. माझी झोप कुणी विचारली नाही. आजारी माणसाबरोबर घरातलं आणखी एक माणूस भरती झालेलं असतं, पण त्याचा केसपेपर काढायची पद्धत नाही.

तो केसपेपर कसा असू शकतो हे मला भाचीने दाखवलं. ती नर्सिंग शिकते. एकदा आली तेव्हा तिने एक प्रश्नावली आणली होती, झॅरिट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये तयार केलेली. मुळात ती स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी होती, आता सगळीकडे वापरतात. आताच्या रूपात बावीस प्रश्न. या माणसाची काळजी घेताना स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, राग येतो का, कोंडल्यासारखं होतं का, पुढे काय होणार याची भीती वाटते का, असे. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. भाची स्वयंपाकघराच्या कट्ट्याशी उभी राहून एकेक प्रश्न मराठीत सांगत होती आणि मी भाजी निवडत उत्तरं देत होते. सातव्या-आठव्या प्रश्नाशी माझा हात थांबला. राग येतो का, असं कुणी विचारू शकतं आणि "हो, कधीकधी" असं उत्तर द्यायला जागा ठेवलेली असते, एवढ्यानेच छातीवरचं काहीतरी हललं. गुण किती झाले ते महत्त्वाचं नव्हतं. त्यानंतर मी भाचीशी पहिल्यांदा खरं बोलले.

कारण आपल्याकडे बायकोने नवऱ्याचं करणं हे काम समजलंच जात नाही. लोक मला सावित्री म्हणतात. "तुम्ही आहात म्हणून सर आहेत", "तुमची पुण्याई". ते मनापासून म्हणतात हे मला कळतं. पण सावित्री म्हटलं की मग सावित्रीला दोन तास झोप हवी आहे, बँकेत जायचंय, दाढ दुखतेय, हे म्हणायची सोय राहत नाही. येणारे सल्लेही पुष्कळ देतात. अमक्या गावचं तेल, तमक्या वैद्याची पुडी. एक गृहस्थ तर कबुतराचं रक्त चोळा म्हणून बसले होते. पक्षाघातावर लोक अजून हे करतात, आणि त्यात फिजिओथेरपीचे मोलाचे महिने निघून जातात. सुधारणा सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. त्या काळात मला सल्ल्यांपेक्षा हात हवे होते.

ते मिळाले थोरल्या जाऊबाईंकडून. एरवी आमचं फार सख्य होतं असं नाही. त्या एक दिवस आल्या, कॉटशेजारी बसल्या, मी काय काय करते ते सगळं नीट बघितलं, नळीतून देणं शिकून घेतलं आणि जाताना म्हणाल्या, "दर गुरुवारी तीन ते सहा मी इथं. तू घरात थांबायचं नाहीस." "काही लागलं तर सांग" म्हणणारे पन्नास जण होते. पण सांगण्यासाठीसुद्धा अंगात बळ लागतं, समोरच्याची सोय बघावी लागते, भीड मोडावी लागते. जाऊबाईंनी वार आणि वेळ सांगितली आणि ती पाळली, पाऊस असो की त्यांच्याकडे पाहुणे असोत. पहिल्या गुरुवारी मी त्यांच्याच घरी जाऊन, त्यांच्याच कॉटवर, अंधार पडेपर्यंत झोपले.

बोलण्याचं वेगळं लिहायला हवं, कारण हातापायांपेक्षा त्याने मला जास्त थकवलं. उजवा हात वापरणाऱ्या बहुतेक माणसांचं भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, आणि यांची इजा तिथेच होती. डॉक्टर याला वाचाघात म्हणाले. समजत बरंचसं होतं, पण शब्द सापडत नव्हता. पहिले काही महिने यांच्या तोंडून एकच शब्द यायचा, "बसा". आयुष्यभर वर्गात आणि ऑफिसात म्हटलेला. पाणी हवं तरी बसा, लघवीला लागली तरी बसा, पाय दुखला तरी बसा. आपण म्हणतोय ते वेगळंच आहे हे यांना कळायचं, मग संतापाने डावा हात कॉटवर आपटायचे. आणि एका संध्याकाळी शेजारची नात पाढे पाठ करत बसली होती, तर हे तिच्याबरोबर म्हणायला लागले. बे एके बे, बे दुणे चार, बेत्रिक सहा. वीसपर्यंत, अडखळता एकदाही नाही. मी हातातलं काम टाकून धावत आले. मला वाटलं वाचा आली. पाढे संपले, मी विचारलं "पाणी देऊ?" तर पुन्हा "बसा".

वाचा उपचार करणाऱ्या बाईंनी समजावलं की हे असं होतं. पाढे, वार, महिने, आरती, शिव्यासुद्धा, असलं घोटून पाठ झालेलं मेंदू वेगळ्या वाटेने बाहेर काढतो. नवं वाक्य जुळवायची वाट मात्र बंद झालेली असते. त्यांनी सांगितलेल्या युक्त्या साध्या होत्या. एका वेळी एकच प्रश्न. हो-नाही गोंधळतं म्हणून अंगठा वर, अंगठा खाली. वहीत चित्रं: पेला, कमोड, पंखा, चष्मा, दुखणाऱ्या जागा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे प्रश्न विचारून थांबायचं. मनात दहा आकडे मोजायचे, त्यांच्या तोंडचा शब्द आपण पुरा करायचा नाही. मी शिक्षिका, उत्तर यायच्या आत फळ्यावर लिहायची सवय. ते दहा आकडे मला फार लांब वाटायचे.

भेटायला येणारे मात्र यांच्याशी एकतर मोठ्याने बोलायचे, ऐकू येत नसल्यासारखं, नाहीतर लहान बाळाशी बोलावं तसं. किंवा यांच्या देखत मला विचारायचे, "काय, ओळखतात का?" बोलणं गेलं म्हणजे बुद्धी गेली, असं लोक धरून चालतात. यांचे डोळे त्या वेळी भिंतीकडे वळायचे. मी मग मुद्दाम म्हणायची, "त्यांनाच विचारा."

आणि एक, जे मी फार कुणाला सांगितलं नाही. तेहतीस वर्षं रात्री जेवणं झाली की आम्ही बोलत बसायचो. शाळेतलं, गावातलं, मुलांचं, वाचलेलं. माझ्याशी बोलणारं माणूस घरात होतं आणि तरी नव्हतं. यांचं दुःख सगळ्यांना दिसत होतं. माझं हे नुकसान मोजायला मला स्वतःलाच वर्ष लागलं.

चौथ्या महिन्यात यांनी खाणं कमी केलं. तोवर नळी निघाली होती, मऊ भात, खिमट घोटून देत होते, ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेलं पाणी घोट घोट देत होते. तोंड फिरवायचे. व्यायामाला अंग सोडून द्यायचे. घरचे म्हणू लागले, हट्टी झालेत. फिजिओथेरपिस्ट मुलीनेच ओळखलं आणि डॉक्टरांना सांगा म्हणाली. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला कधी ना कधी नैराश्य येतं. त्यावर औषध आहे आणि ते लागू पडतं. गोळी सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांत फरक दिसला. टीव्हीवर काहीही लागलं की एकाएकी रडू फुटायचं, तेही मेंदूच्या इजेमुळे होतं, दरवेळी आत तेवढं दुःख असतंच असं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला केवढा धीर आला. तोवर प्रत्येक रडण्याचं कारण मी माझ्या वागण्यात शोधत होते.

घरच्यांनीच व्यायाम करून घ्यावेत की नाही यावरूनही आमच्याकडे चर्चा झाली. पैसे वाचतात, म्हणून सगळेच हा मार्ग सुचवतात. भाचीने मला त्याबद्दलचं एक संशोधन दाखवलं. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेलं, २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला काही घरांतल्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून घरी व्यायाम करून घेतले. बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं, ४७ टक्के. व्यायामाचा उपयोग नाही असा याचा अर्थ नव्हे. तो जाणकाराच्या हातून व्हावा लागतो, एवढं मी त्यातून घेतलं. कॉटपासून खुर्चीपर्यंत नेणं, सांधे आखडू नयेत म्हणून हलवणं, शर्टाची बटणं डाव्या हाताने लावू देणं हे मी करते. पण यांना चालतं करण्याची जबाबदारी माझ्या एकटीच्या डोक्यावर ठेवू नका, असं मी मुलांना स्पष्ट सांगितलं. फिजिओथेरपिस्टच्या भेटी कमी केल्या नाहीत. आणि मी मास्तरीण व्हायची थांबले, तसं यांचं माझ्यावर चिडणंही कमी झालं.

पैशाबद्दल आपण घरात बोलत नाही, आजारपणात तर नाहीच. मी बोलले. मेडिक्लेमने रुग्णालयाचं बिल बऱ्यापैकी भरलं, पण घरी लागणारं काहीच त्यात बसत नाही: डायपर, फिजिओ, सांभाळायला ठेवलेला माणूस. रुग्ण सांभाळणारी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून एक मामा आले, बारा तासांचे आठशे रुपये. अंघोळ, दाढी, कपडे सगळं नीट करायचे. पुरुषाचं पुरुषाने केलं की यांनाही संकोच कमी वाटायचा. त्या पगारात पेन्शनचा मोठा वाटा जायचा. मी एका वहीत महिन्याचा खर्च लिहिला आणि दिवाळीत मुलगा-सून, मुलगी-जावई यांच्यासमोर ठेवला. कुणावर आरोप नव्हता, नुसते आकडे. मुलाने मामांचा पगार उचलला, मुलीने मे महिना आणि गणपतीचे दिवस इथे येऊन राहायचं ठरवलं. तोंडी आश्वासनं चार महिने चालली होती, वहीने अर्ध्या तासात काम केलं. वस्तू मात्र विकत घेऊ नका, हे मी सगळ्यांना सांगते. वर-खाली होणारी कॉट, एअर बेड, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची हे रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या संस्था बहुतेक शहरांत आहेत, अनामत ठेवून नाममात्र भाड्याने मिळतं.

नोकरी मला सोडावी लागली. अर्जित रजा संपली, अर्धपगारी संपली, मग बिनपगारी. मुलांसाठी बालसंगोपन रजा मिळते. नवऱ्याच्या किंवा आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी तशी वेगळी रजा नाही. निवृत्तीला तीन वर्षं असताना मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. दहावीचा वर्ग अर्ध्यावर सोडला, ते अजून लागतं.

आणखी एक अडचण कुणी आधी सांगत नाही, ती सहीची. पेन्शनचं खातं यांच्या एकट्याच्या नावावर. उजवा हात गेलेला, तोंडाने "हो, काढा पैसे" म्हणता येत नाही. चेक कोण लिहिणार? रिझर्व्ह बँकेची यासाठी तरतूद आहे. खातेदार आजारी असेल, सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. तो ओळखायला दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. बँकेतले साहेब घरी आले, शाईचं पॅड पुढे ठेवलं. यांनी अंगठा द्यायला नकार दिला. डावा हात मुठीत आवळून बसले. साहेब गोंधळले, मला मात्र कळलं. नव्वदच्या आसपास साक्षरतेचे वर्ग चालायचे, तेव्हा हे रात्री कंदील घेऊन वस्तीवर जायचे. अंगठा देणाऱ्या कित्येक म्हाताऱ्यांना यांनी सही करायला शिकवलं होतं. त्या दिवशी साहेब पॅड परत घेऊन गेले. "डाव्या हाताची सही जमली तर तीच नवीन नमुना सही म्हणून घेऊ," असं आपण होऊन म्हणाले.

मग आम्ही पाटी आणली. डाव्या हाताला पेन्सिल धरवेना म्हणून फिजिओच्या मुलीने तिच्यावर जाड फोम गुंडाळून दिला. पहिले दिवस नुसत्या रेघा. मग आडनावाचं पहिलं अक्षर, वेडंवाकडं, शिरोरेघ खाली घसरलेली. वाचाघातात लिहिणंही बिघडतं, त्यामुळे अक्षर आठवायलाच वेळ लागायचा. मी वर एक ओळ लिहून द्यायची, हे खाली गिरवायचे. रोज संध्याकाळी. पहिलीच्या मुलाला शिकवताना जितका वेळ देतात तितकाच मी दिला. बँकेचं काम सही जमेपर्यंत थांबणार नव्हतं, म्हणून मधल्या काळात यांनी अंगठा दिला, पण माझ्याकडे न बघता. वर्षभराने नमुना सहीचं कार्ड भरलं. सही आधीच्या सहीसारखी नाही, पण दरवेळी एकसारखी येते, बँकेला तेवढंच लागतं. खातं आता आम्हा दोघांच्या नावावर करून घेतलंय. ज्यांच्या घरी खाती अशी एकाच नावावर आहेत त्यांनी हे धडधाकट असतानाच करावं.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सहा महिने थांबावं लागतं, तोवर कितपत सुधारणा होते ते बघतात. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. जाताना मामांना बरोबर घ्या, दिवस जातो.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आता आम्ही आठवड्यातून दोनदा जातो. बाहेरच्या बाकावर आमच्यासारखे बरेच असतात. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत, बायकोचं करतात. वेणी घालायला शिकलेत, स्वयंपाकही करतात. त्यांना कुणी काही विचारत नाही, कारण पुरुषाला हे जमतं की नाही इथेच लोकांची चर्चा थांबते. एक पंचविशीचा मुलगा आहे, वडिलांसाठी एमआयडीसीतली नोकरी सोडून आलाय. लग्नाचं बघणं थांबलंय, त्याला त्याबद्दल बोलायचं असतं. आम्ही मोबाईलवर एक गट केलाय. कुणाची चाकाची खुर्ची मोकळी झाली, कुठला मामा चांगला आहे, पायाचं स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरणारा आधार, कुठे नीट बनवून देतात, हे त्यावर चालतं. आणि रात्री दोनलाही कुणीतरी जागं असतं. "आज फार चिडले माझ्यावर" एवढंच कुणी लिहितं, आणि दुसरं कुणीतरी लगेच उत्तर देतं, कारण त्याचीही कूस बदलायची वेळ झालेली असते.

हे आता चार पायांची काठी घेऊन, पायात स्प्लिंट घालून व्हरांड्यापर्यंत येतात. उजवा हात आला नाही, येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. तीन-चार शब्दांची वाक्यं येतात. "चहा कर, साखर नको" असं म्हणतात, कधी साखरेऐवजी मीठ म्हणतात, आणि स्वतःच मान हलवून दुरुस्त करतात. रात्री एकदाच उठावं लागतं. माझी रक्तदाबाची गोळी यांच्या गोळ्यांच्या डबीतच, वेगळ्या खणात ठेवलेली असते. सकाळी हे आधी माझा खण उघडून दाखवतात. गुरुवार अजून जाऊबाईंचाच आहे. येत्या महिन्यात शाळेतल्या मैत्रिणी चार दिवस कोकणात निघाल्यात. मुलगी बेळगावहून येऊन राहणार आहे, मामा रात्रीही थांबायला तयार आहेत. मी हो म्हटलंय, पैसेही भरलेत.